आईनेच खाल्लेली अंडी

रविवारी सकाळी मी फिशटँकमधलं अर्धं पाणी बदललं. दुपारी पाहिलं तर काचेवर साबुदाण्याहून बारीक, पारदर्शक दाणे चिकटलेले. तळाशी मिशांनी वाळू चाळत फिरणाऱ्या आमच्या बोटभर कॅटफिशच्या जोडीने अंडी घातली होती. मी खुशीत पानं वाढली, जेवणं उरकली आणि हात धुऊन परत आले, तर अर्धी काच साफ. उरलेल्या अंड्यांपाशी मादीच होती. काचेला तोंड लावून एकेक दाणा गिळत होती.

सकाळी पोटभर खायला घातलं होतं तिला.

"बाबा, ही स्वतःची अंडी खातेय."

सासरे मूळ बाळकुमचे, खाडीत जाळं टाकत वाढलेले. त्यांच्या भातशेतीवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्येच आम्ही राहतो. माझ्या टँककडे ते कधी फिरकत नसत. "जे खायचं नाय ते पाळायचं कशाला?" एवढंच म्हणत. आज मात्र उठून आले.

"आईच?"

"आईच."

ते काचेपाशी वाकले. "खाडीतला शिंगाळा असं नाय करत. तो पण मिशावालाच. नर अंडी तोंडात धरून फिरतो. पिल्लं निघेपर्यंत काय खात नाय. पोट खपाटीला जातं त्याचं."

"तुम्ही पाहिलंय?"

"धरलाय ना. होडीत टाकला, तर तोंडातून गोट्यांएवढी अंडी घरंगळली."

"मग?"

"मग काय? आयेनं कालवण केलं. मस्त झालेलं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी तोवर बाही वर सारून टँकमध्ये हात घातला होता. भेगाळलेल्या जाड बोटाने ते एकेक अंडं काचेवरून हलकेच सोडवत होते. एकही फुटलं नाही. मी डब्यात टँकचंच पाणी घेतलं, बुरशी धरू नये म्हणून निळ्या औषधाचे थेंब टाकले, हवेच्या पंपाची नळी सोडली.

तरी दुसऱ्या दिवशी काही अंडी पांढरी पडली, त्यांच्यावर कापसासारखी बुरशी आली. ती शेजारच्या अंड्यांना लागायच्या आत ड्रॉपरने वेचून काढली. बुधवारी मी कामावर असताना लाईट गेले. घाबरत घरी फोन केला.

"बाबा, पंप बंद पडला असेल."

"पडलाय. मी चमच्यानं ढवळतोय. तू तुझं काम कर."

तीन तास ते डब्याशी बसून होते.

गुरुवारी सकाळी डब्यात अंडी दिसेनात. सासऱ्यांनी मोबाईलचा टॉर्च धरला, तेव्हा तळाशी पापणीच्या केसाएवढं काहीतरी वळवळलं. मग आणखी एक. मोजली तर नऊ.

त्यातली पाच जगली. महिना-दीड महिन्याने मी त्यांना मोठ्या टँकमध्ये सोडायला निघाले, तर सासरे आडवे आले.

"त्या बाईजवळ नाय सोडायची."

"बाबा, एवढी मोठी पिल्लं ती खात नाही."

ऐकेनात. शेवटी दुसरा टँक आणावा लागला.