फोटोओळीतलं पाचवं नाव

बातमीदारीच्या सगळ्या वर्षांत भानामतीची बातमी मी एकदाही छापली नाही. कोणी घेऊन आलंच तर त्याला चहा पाजायचो आणि एकच विचारायचो — तुम्ही स्वतः पाहिलं का? उत्तर ठरलेलं. मेव्हण्यानं पाहिलं, शेजाऱ्यानं पाहिलं. स्वतः पाहिलेला माणूस मला कधी भेटला नाही. पुढे लिहितो आहे ते मात्र मी स्वतः पाहिलेलं आहे, आणि अडचण तीच आहे.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. कार्यालयांवरच्या पाट्या ताज्या होत्या आणि उस्मानाबादहून आलेली कागदपत्रं अजून गठ्ठ्यांत बांधलेली होती. दुष्काळही होता. मी नांदेडला एका दैनिकाचा बातमीदार होतो. पुण्याच्या मुख्य कार्यालयाला लातुरात शाखा उघडायची होती, म्हणून तिघं जण जागा बघायला आले. वृत्तसंपादक बापट, पुरवणीचं काम बघणाऱ्या मीनाताई आणि छायाचित्रकार साळवी. मला निरोप होता — पाहुण्यांना आधी नांदेड दाखवा, चार ठिकाणी हिंडवा, मग लातूरला आणून सोडा.

पहिला दिवस चांगला गेला. गुरुद्वारा झाला, लंगरमध्ये जेवण झालं. दुसऱ्या दिवसापासून माझी यादी फसत गेली. सहस्रकुंडाचा धबधबा दाखवायला नेलं, तर तिथं नुसता काळा खडक. आमचा जीपचालक रज्जाक पाहुण्यांची समजूत काढत म्हणाला, “पानी असल्यावर लई गर्दी असते साब. आज सगळं आपल्यालाच हाय.” कंधारचा किल्ला पाहिला, पण त्याच्या तळ्याच्या भेगाळलेल्या तळात गुरं बसलेली होती. मीनाताईंनी विचारलं, “उद्या काय दाखवणार? समुद्र?”

तिसऱ्या दिवशी सकाळी मुखेडचं जुनं देऊळ पाहिलं आणि लातूरकडे निघालो. जांब मागे पडलं. पुढे एका फाट्यावर पत्र्याचं हॉटेल होतं. एक बाकडं, एक लिंब, आणि मालक बाबाराव. वेळ दुपारी बाराच्या सुमाराची. ऊन सरळ डोक्यावर, सावली पायाखाली. चहा झाला. पाणी मागितलं, तर बाबाराव ग्लास अर्धाच भरत होता.

निघताना साळवीनं ग्रुप फोटो काढायचं ठरवलं. बापट, मीनाताई, रज्जाक आणि बाबाराव लिंबाखाली उभे राहिले. मी फ्रेममध्ये नव्हतो. फोटो निघत असताना डावीकडून उजवीकडे नावं टिपून घ्यायची, हे आमच्याकडे बातमीदाराचं काम. मला त्यात आणखी एक सवय होती. नाव स्वतः त्या माणसाच्या तोंडून घ्यायचं, वडिलांच्या नावासकट, आणि लिहून झालं की त्याला वाचून दाखवायचं. बापटांचंसुद्धा मी तसंच घेतलं. त्यांनी हसत हसत दिलं.

बाबारावच्या उजव्या हाताला एक म्हातारा येऊन उभा राहिला. कुठून आला हे मी पाहिलं नाही. वहीत बघत होतो. अंगात बंडी, धोतर, डोक्याला पांढरा पटका, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. गळ्यात लिंग. आमच्या भागात असे लिंगायत शेतकरी पावलोपावली भेटतात, त्यामुळे विशेष काही वाटलं नाही. त्यानं नाव सांगितलं — सिद्रामप्पा काशिनाथ बिरादार. फाट्यापासून आत दोन मैलांवरची वस्ती. तिचं नाव इथं देत नाही. कारण पुढे येईलच.

मी नाव वाचून दाखवलं. तो म्हणाला, “नाव बराबर हाय. आता वस्तीचं लिवा. टँकर ह्या रस्त्यानं जातोय, आत वळत न्हाई.”

का वळत नाही, हे त्यानं नीट समजावून सांगितलं. वस्तीची घरं लातूर जिल्ह्यात. वस्तीची एकुलती एक विहीर ओढ्यापलीकडे, नांदेड जिल्ह्यात. विहीर आटलेली. इकडचं कार्यालय म्हणतं, या वस्तीला विहीर आहे, टँकर कशाला? तिकडचं म्हणणार, आमच्या हद्दीत नुसती विहीर आहे, माणसं कुठं आहेत? दोन्ही याद्यांत वस्ती नाही. मी तेही वाचून दाखवलं. एका ठिकाणी त्यानं मला थांबवलं. मी ‘ओढ्याच्या काठी’ लिहिलं होतं. तो म्हणाला, “काठी न्हाई, पल्याड. त्याच्यातच तर सगळं हाय.” मी दुरुस्त केलं. साळवीनं “झालं” म्हटलं. मी वही मिटली, आणि आम्ही जीपमध्ये बसलो.

संध्याकाळी लातूरला पोचल्यावर मी आठ ओळींची बातमी केली. माहिती देणाऱ्याचं नाव घातलं. दोन दिवसांनी ती छापून आली. आठवड्याच्या आत तलाठी येऊन पाहणी करून गेला आणि वस्तीत एक दिवसाआड टँकर सुरू झाला. हे मला जिल्हाधिकारी कार्यालयातल्या ओळखीच्या कारकुनाकडून कळलं. प्रकरणात तक्रारदार म्हणून सिद्रामप्पांचंच नाव लागलं होतं. माझ्या दृष्टीनं विषय संपला होता.

मग पुण्याहून फोटो आला. मागे साळवीची चिठ्ठी — फोटोओळ करून पाठवा. मी वही उघडली. वहीत पाच नावं होती. फोटोत चार माणसं.

फ्रेम कापली गेली असेल, असं वाटलं. पण बाबारावच्या उजवीकडे लिंबाचा बुंधा, त्यापुढे रस्ता, रस्त्यापुढे रान... सगळं स्वच्छ दिसत होतं. मी पुण्याला पत्र टाकलं. साळवीचं उत्तर एका ओळीचं होतं, चारच होते. खाली मीनाताईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं — “तुम्ही शेवटी झाडाशेजारी उभं राहून वहीतलं मोठ्यानं वाचत होता. मला वाटलं, पाठ करायची सवय असेल. रज्जाक हसत होता, म्हणून काही बोलले नाही.”

रज्जाकला विचारलं. तो आधी उडवाउडवी करत राहिला. शेवटी म्हणाला, “साब, उन्हानं होतं असं. मी कुणाला बोललो न्हाई.”

त्याच आठवड्यात वस्तीवरून एक जण मला शोधत नांदेडला आला. चाळिशीचा, मन्मथ बिरादार. बातमीचं कात्रण खिशात घडी करून ठेवलेलं. बातमी चांगली आहे म्हणाला. पाणी यायलंय म्हणाला. मग कात्रणातल्या नावावर बोट ठेवून विचारलं, “हे तुमाला कुनी सांगितलं?”

“त्यांनीच.”

त्यानं कात्रणाची पुन्हा घडी घातली. “ते माजे आबा, माजे वडील. त्यानला जाऊन सा वर्सं झाली.”

सहा वर्षांपूर्वी लातूर जिल्हा अस्तित्वात नव्हता. मग त्याचं नाव त्यांना कसं ठाऊक, असं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला की त्याला स्वतःला दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटतं. विहीर नांदेड जिल्ह्यात आहे हे वस्तीत कोणालाच माहीत नव्हतं. सगळे समजून होते की आपण पुरते एकाच जिल्ह्यात. अर्ज करायचे ते एकाच कार्यालयाकडे, आणि तो का परत येतो ते कळायचं नाही. पूर्वी उस्मानाबाद-नांदेड हद्दीची मोजणी झाली तेव्हा दगड दाखवायला आबा एकटे गेले होते. घरी येऊन त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं तेव्हा काही वाटलंही नसेल.

तो त्यासाठी आला नव्हता. त्याची चिंता वेगळी होती. तक्रारदार सहा वर्षांपूर्वी मेलेला आहे हे छापून आलं, तर प्रकरण खोटं ठरेल आणि टँकर थांबेल. “नाव चुकलं म्हनून काई छापू नका सायेब. मी हात जोडतो. पावसाला अजून दोन महिने हायेत.”

मी त्याला शब्द दिला नाही. मला तो देता येत नव्हता. झाला प्रकार बापटांना कळवणं भाग होतं, आणि मी ट्रंककॉल लावून कळवला. बापटांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्य घातलंय आपण. दोन ओळींची दुरुस्ती टाका आणि मोकळे व्हा.”

मी म्हटलं, “माहिती बरोबर आहे.”

“नाव तर चुकलं आहे ना?”

“नावही बरोबर आहे.”

शेवटी ते म्हणाले की तुम्ही स्वतः जाऊन खात्री करा, मग ठरवू.

मी गेलो. मुखेडपर्यंत एसटीनं, तिथून दुसऱ्या गाडीनं फाट्यापर्यंत, पुढे पायी. मन्मथनं विहीर दाखवली. ती ओढ्याच्या पलीकडेच होती. तळाशी वाळलेला गाळ आणि एक फुटकी बादली. विहीर आणि ओढा यांच्यामध्ये हद्दीचा दगड, अर्धा मातीत. त्यावर साचलेली माती मी बोटानं काढली. शेताच्या बांधाला सिद्रामप्पांची समाधी, त्यावर त्यांचं नाव. वडिलांचं नाव काशिनाथ. मृत्यूचा दाखला पाहिला. पुतण्याकडून, शेजाऱ्याकडून वेगवेगळं विचारून घेतलं. या नावाचा दुसरा माणूस पंचक्रोशीत नाही. सोंग घेऊन कोणी आलं असेल का, याचाही विचार केला. पण मग त्या सोंगाला हद्दीची गोष्ट कुठून कळली? आणि फोटोत ते का नाही?

लातूरला जाऊन मी बापटांना लेखी कळवलं — मजकूर तपासला, बरोबर आहे. नाव तपासलं, बरोबर आहे. दुरुस्तीचं कारण दिसत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. टँकर पावसापर्यंत चालला. वस्तीचं नाव मी आजही देत नाही, कारण तिचं प्रकरण त्या एका नावावरच उभं होतं आणि ते कोणी पुन्हा उघडावं असं मला वाटत नाही.

पुढे बऱ्याच जणांना मी हे सांगितलं. त्यांत एक मानसोपचारतज्ज्ञ होते. ते म्हणाले, ऊन, थकवा, आधी कुठंतरी कानावर पडलेली माहिती. असेल. पण ती माहिती कोणाच्या कानावर पडण्यासारखी नव्हतीच, हा माझा मुद्दा त्यांनी बाजूला ठेवला. मला त्याचा उलगडा झालेला नाही. होईल असंही वाटत नाही.

बापटांना पाठवलेल्या अहवालात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. ती बातमीत बसणारी नव्हती.

निघताना मन्मथनं मला घरी नेलं. त्याची आई उंबऱ्याच्या आत बसली होती. म्हातारी, डोळ्यांना कमी दिसणारी. मुलानं तिला मी कोण ते सांगितलं. ती रडली नाही, घाबरली नाही. ते कसे दिसत होते, असं विचारलं. मी सांगितलं. बंडी, धोतर, पटका, विभूती. ती मान हलवत राहिली.

“दुपार होती म्हनं?”

“हो. बारा वाजले असतील.”

“तुमी तिथं काय करत होता?”

“चहा घेतला. पाणी प्यालो.”

“मग त्यानला इचारलंत का, पानी घेता का म्हनून?”

त्यांचं नाव मी विचारलं होतं. वडिलांचं नाव विचारलं होतं, वस्ती विचारली होती, विहीर कुठं आहे ते विचारलं होतं, आणि सगळं वाचून दाखवलं होतं.

मी म्हटलं, “नाही विचारलं.”

ती भिंतीला धरून उठली, आत गेली, आणि माझ्यासाठी तांब्या काठोकाठ भरून घेऊन आली.