बाजूच्या सीटचा ब्रेक

भुताखेताच्या गोष्टी मी कधी मनावर घेतल्या नाहीत. या ग्रुपवरचे अनुभव वाचून फिदीफिदी हसणाऱ्यांतली मी! पण यंदा मनीषनगरात, भरदुपारी, जे झालं ते लिहूनच टाकते... हसायचं तर हसा.

घरात मी मोठी सून, पल्लवी माझी धाकटी जाऊ. सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना मोतीबिंदू. आमचे दोघींचे नवरे दिवसभर बुटीबोरीला कंपनीत. म्हणून मामाजींना धंतोलीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मीच न्यायची. कार चालवणारी घरातली एकटी बाई! त्यासाठी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घाम गाळला, तिसऱ्या खेपेला पास झाले. आणि ही बया लर्निंग लायसन्स काढून आठवड्याभरात झोकात रिव्हर्स घ्यायला लागली. वरून मामाजींचं चालू — "पल्लवीचा हात लय साफ आहे." माझ्या हाताबद्दल कधी ब्र काढला नाही. जळले मी. खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी तर त्यांनी चावीच तिच्या हातात ठेवली. "आज हिले चालवू दे. तू बस बाजूले."

नियमच तसा आहे — शिकणाऱ्याच्या बाजूला लायसन्सवाला हवा, आणि वेळ आली तर त्याला गाडी थांबवता आली पाहिजे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत सरांच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. घरच्या गाडीत काय असतं? रबरी मॅट. थांबवणार कशाने, डोंबलाने?

मी गाल फुगवून बसले. ती छान चालवत होती, हेच तर दुखणं! एकदा तरी बंद पाड गं बाई, असं मनात चाललं होतं.

तेवढ्यात वळणावर राँग साइडने एक ई-रिक्षा समोर आली. आत एक बाई, मांडीवर तान्हं लेकरू. "पल्लवी, ब्रेक!" मी किंचाळले आणि पाय आपटला... आणि पायाखाली पेडल लागलं. खरंखुरं पेडल! आधी कडक, मग दबत खाली गेलं. गाडी गचका खाऊन बंद पडली. रिक्षा हातभर लांब होती.

मी वाकून पाहिलं. नुसती मॅट.

"वा बेटा! काय ब्रेक मारला!" मागच्या सीटवरून मामाजी.

पल्लवी मागे वळली. "मी नाही मारला, मामाजी. मी तर घाबरून ॲक्सिलरेटरच दाबून राहिली होती. ताईनं थांबवली."

"काहून मस्करी करतं बेटा? बाजूले बसून कोणी गाडी थांबवते का?"

नंतर गॅरेजवाल्याला गाडी दाखवली. त्यानं खाली डोकं घालून पाहिलं, काहीच नाही म्हणाला. नवरा म्हणतो, भास झाला तुला. असेल बापा! पण मग ॲक्सिलरेटर दाबलेली गाडी थांबली कशी?

पुढे पल्लवी पहिल्याच फटक्यात टेस्ट पास झाली. चावी आता तिच्याकडेच असते. पाहुणे आले की मामाजी तिच्या ब्रेकची गोष्ट सांगतात, आणि दर वेळी ती मधेच म्हणते, "नाही हो, ताईनं थांबवली होती." सगळे हसतात. किती मोठ्या मनाची आहे पोरगी, म्हणतात.

माझ्यावर विश्वास ठेवणारी ती एकटीच. आणि तरी ती मामाजींना बसवून गेटबाहेर गाडी काढते ना, तेव्हा मी अजूनही तशीच जळते. त्या ब्रेकचं कोडं मला सुटलं नाही... आणि हेही नाही.