एकवीस पॉइंट चार मीटरवर

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर वाद नको. भुतंखेतं, चकवा, उतारा यातलं मी काहीही मानत नाही. अमावस्येला रस्त्यात ठेवलेला नारळ पायाने बाजूला सारून ऑफिसला जाणारी बाई आहे मी. त्यावरून सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला होता. या ग्रुपवर मी तीन वर्षं नुसती वाचत आलेय आणि, राग मानू नका, निम्म्या अनुभवांवर हसत आलेय. आज लिहितेय ते कुणाला घाबरवायला नाही. मला राग आलाय... आणि सहा महिने झाले तरी तो उतरत नाहीये.

मी खांदा कॉलनीत राहते, वय बेचाळीस. नवीन पनवेलच्या एका छोट्या कंपनीत इंजिनिअर होते. "होते" का, ते पुढे येईलच. आमचं काम वायरलेसच्या अँटेना आणि त्यांच्या केबल बसवायच्या, तपासायच्या आणि रिपोर्ट द्यायचा. तपासायचं जे यंत्र असतं त्याला नेटवर्क अ‍ॅनलायझर म्हणतात. नावाला घाबरू नका. हे यंत्र केबलमध्ये एक लहर सोडतं आणि त्यातली किती परत आली ते मोजतं. केबल चांगली असेल तर सगळं मुकाट्याने अँटेनापर्यंत जातं. मध्ये कुठे जखम असेल तर लहर तिथूनच मागे फिरते, स्क्रीनवरच्या ग्राफवर उंचवटा येतो, आणि यंत्र सांगतं, इतक्या मीटरवर. बस, एवढंच.

आमचं जुनं यंत्र टेबलावरचं, लग्नाच्या बॅगेएवढं. ते जीपमध्ये घालून साइटवर न्यायचं म्हणजे कंबरडं मोडायचं. म्हणून आमच्या सरांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, हातात मावणारं पोर्टेबल घ्यायचं ठरवलं. विक्रेत्याने पंधरा दिवस वापरून बघायला एक दिलं आणि ते कामाचं आहे की नाही हे ठरवायची जबाबदारी माझ्यावर आली. पद्धत साधी आहे. एकच केबल दोन्ही यंत्रांनी मोजायची आणि आकडे जुळतात का बघायचं. त्यासाठी केबल अशी हवी जिचा जुना रिपोर्ट चोख आहे. फाइल चाळली तर सगळ्यात देखणा रिपोर्ट निघाला उरणकडच्या खाडीकाठच्या एका मच्छीमार सोसायटीच्या टॉवरचा. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना आधीच पुरेसं झालंय.

त्या सोसायटीचं नाव काढलं की आमच्या ऑफिसात सगळ्यांना एकच गोष्ट आठवायची. वर्षभरापूर्वी तिथल्या मोरेश्वर नावाच्या माणसाची लहान बोट समुद्रात उलटली. बोटीवर एकटाच होता, हातात धरायचा वायरलेस सेट जवळ होता. प्रेत दोन दिवसांनी मिळालं. त्या संध्याकाळी किनाऱ्यावरच्या सेटपाशी ड्युटीवर होते बाळारामकाका, मोरेश्वरचे सख्खे थोरले भाऊ. ते पहिल्यापासून एकच सांगत होते, हाक आलीच नाही. गाव म्हणालं, झोपला असणार. कुणी म्हणालं, घेतली असणार. सोसायटीने आमच्या कंपनीला विचारलं, केबल-अँटेना ठीक होती ना? कंपनीने बसवल्या दिवशीचा रिपोर्ट समोर ठेवला. एकदम स्वच्छ. झालं, विषय संपला. काकांना वायरलेसच्या खोलीतून काढलं, आणि "सख्ख्या भावाची हाक नाय ऐकली त्यानं" हे वाक्य त्यांच्या कपाळावर चिकटलं ते चिकटलंच. डब्याच्या सुट्टीत मीही बोलले होते, लागला असेल बिचाऱ्याचा डोळा.

मंगळवारी दुपारी एकच्या सुमाराला आम्ही तिथे पोचलो. मी, आणि टॉवरवर चढणारा आमचा दशरथ, नेऱ्याचा. रणरणतं ऊन, सोसायटीच्या आवारात बर्फाच्या गाडीचा खडखडाट. वातावरण वगैरे काही नव्हतं हो. वायरलेसच्या खोलीबाहेरच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते, कुणी बोलत नव्हतं. मी आत जाताना त्यांनी विचारलं, "सेट चालतो ना बाय आता?" मी हो म्हटलं. दशरथ हळूच म्हणाला, "तेच ते. बाळारामकाका. आत घेत नाय त्यांना, तरी रोज येऊन बसतात."

जुन्या यंत्राने केबल मोजली. चौतीस मीटर, सरळ रेघ, शेवटी अँटेना. मग पोर्टेबल जोडलं. मोजण्याआधी यंत्राला कॅलिब्रेट करावं लागतं, म्हणजे शून्य कशाला म्हणायचं ते शिकवावं लागतं. ते मी व्यवस्थित केलं. (खाली "कॅलिब्रेशन चुकलं असेल" अशी कॉमेंट टाकणार असाल तर नका टाकू. अठरा वर्षं हेच केलंय मी.) मोजलं... आणि एकवीस पॉइंट चार मीटरवर मोठा थोरला उंचवटा. कनेक्टर पुसले, पुन्हा मोजलं. एकवीस पॉइंट चार. पुन्हा कॅलिब्रेट केलं. एकवीस पॉइंट चार. जुनं यंत्र परत जोडलं, तर सरळ रेघ.

साहजिकच मी म्हटलं, डेमोचं यंत्र भिकार आहे. वर्कशॉपला येऊन केबलच्या नव्या रोलवर लावून बघितलं तर एकदम शहाण्यासारखं वागलं, आकडे जुन्याशी तंतोतंत. मी विक्रेत्याला फोन करून त्याला चार शब्द ऐकवले. त्याने बिचाऱ्याने खारघरहून दुसरं नवंकोरं यंत्र पाठवून दिलं. गुरुवारी ते घेऊन पुन्हा खाडीवर. जोडलं, मोजलं. एकवीस पॉइंट चार.

आता मात्र माझं टाळकं सरकलं. दशरथला मोजायची टेप देऊन वर चढवला, म्हटलं नेमक्या त्या जागी हात फिरव. तो वरून ओरडला, "काय नाय मॅडम हितं. गुळगुळीत हाय." खाली उतरून पाणी पिता पिता सहज म्हणाला, "नवीच हाय ना ही केबल. खराब कशी आसंल?"

"नवी म्हणजे?"

"आमीच बदलली ना. ती बोट बुडाली त्याच्या चौथ्या दिवशी." मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. "सर बोलले होते, मॅडमना सांगू नको, उगा टेन्शन घेतील."

मी यंत्र आवरलं आणि जीपमध्ये बसले. मला फक्त एवढंच विचारायचं होतं, जुनी कुठाय? ते विचारायची गरजही नव्हती म्हणा. तांब्याची केबल आमच्या धंद्यात कुणी फेकत नाही. वर्कशॉपमागे निळ्या प्लॅस्टिकखाली वेटोळी पडलेली असतात, आणि प्रत्येकाला साइटच्या नावाची चिठ्ठी. ते वेटोळं मी गाळ्यासमोरच्या रस्त्यावर उलगडलं आणि टेप धरून चालत गेले. एकवीस मीटरपर्यंत काही नाही. त्याच्या पुढे, चाळीस सेंटिमीटरवर, काळ्या टेपचा गठ्ठा.

ब्लेडने टेप कापली. आत जोड होता. अशी केबल अखंड टाकायची असते, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. इथे उरलेले दोन तुकडे जोडून वरून टेप गुंडाळली होती. जोडात हिरवं पाणी. बोट लावून चाखलं... खारट.

अशी केबल पूर्ण मरत नाही, हेच तिचं वाईट. जेट्टीवरच्या बोटीशी सकाळी "हॅलो, ओके" व्हायचं, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण लांबून येणारा बारीक सिग्नल त्या हिरव्या पाण्यात बुडून जायचा. बाळारामकाका झोपले नव्हते. त्यांच्या सेटपर्यंत काही पोचूच शकत नव्हतं.

मग तो देखणा रिपोर्ट आला कुठून? शोधायला अर्धा तास लागला. नेऱ्याकडच्या एका फार्महाऊसच्या टॉवरचा ग्राफ आणि हा ग्राफ एकच होता. प्रत्येक बारीक वळण तेच, फक्त साइटचं नाव बदललेलं. दोन केबलींचे ग्राफ असे कधी जुळत नाहीत हो. पण या धंद्यातल्या कुणालाही एकांतात विचारा, एका साइटचा चांगला ग्राफ घ्यायचा आणि दहा साइटच्या नावाने सेव्ह करायचा, हे सर्रास चालतं. वर चढायला नको, उन्हात उभं राहायला नको.

मी रिपोर्ट आणि जोडाचा तुकडा घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी तुकड्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"वैशाली, तुला यंत्र तपासायला सांगितलं होतं. नव्या केबलवर ते फॉल्ट दाखवतंय ना? मग यंत्र सदोष आहे. तसं लिही आणि परत पाठव."

"सर, त्या माणसाचं नाव गेलं गावात. भाऊ गेलाय त्याचा."

"आणि रिपोर्टखाली सही कुणाची आहे ते बघितलंस का?"

बघितलं. माझी होती.

त्या दिवशी माझ्या टेबलावर एकोणीस रिपोर्ट होते. मी वरची नावं वाचली, खाली सह्या ठोकल्या. ग्राफ एकाचाही बघितला नाही. एकापाठोपाठ एक ठेवले असते तर शाळेतल्या पोरालाही कळलं असतं की चित्र तेच आहे. सरांना मी तोंडाला येईल ते बोलले त्या दिवशी, आणि त्यातला एकही शब्द मागे घेणार नाही. पण अर्ध्या शिव्या मलाच लागू होत्या, हे बोलतानाही कळत होतं. माझा अहवाल मी दोन ओळींत दिला: दोन्ही पोर्टेबल यंत्रं अचूक आहेत, कंपनीचे रिपोर्ट खोटे आहेत. सोमवारपासून येऊ नकोस, असं सांगण्यात आलं.

जे काही झालं ते सगळं मी सोसायटीला आणि पोलिसांना लिहून दिलंय, स्वतःच्या सहीसकट. त्याचं जे व्हायचं ते होईल. सोसायटीच्या सभेत मी जोडाचा तुकडा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. शेवटी चेअरमन उठले, बाहेर पायरीपाशी गेले आणि म्हणाले, "बाळाराम, आमची चूक झाली. आत ये." काका हलले नाहीत. मग मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मला वाटलं होतं... काय वाटलं होतं कोण जाणे. रडतील, मोकळे होतील, मला दोन शिव्या देतील.

त्यांनी तुकडा हातात घेऊन उलटसुलट केला. "म्हंजे मना ऐकू येनारच नव्हतं?"

"नव्हतंच काका. तुमची काही चूक नाही. कुणाचीही हाक आली नसती."

जोडातलं हिरवं त्यांनी नखाने खरवडलं. मग म्हणाले, "मी काय समजलो व्हतो बाय, एकच लाट आली आन गेला. हाक माराला येलच नाय मिळाला त्याला. म्हनून आली नाय. मंग आता सांग. त्यानं हाक मारली व्हती?"

उत्तराची वाट न बघता त्यांनीच पुढे विचारलं,

"तो हातातला सेट... भरलेला आसंल, त किती येल चालतो?"

ते आकडे मला पाठ आहेत. सतत बोललं तर किती, थांबून थांबून बोललं तर किती. बोटीवरचा सेट पाण्यातही चालतो, हेही माहीत आहे. मी म्हणाले, "मला नाही माहीत काका." त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना कळलं की मला माहीत आहे. तुकडा पायरीवर ठेवला आणि घरी गेले. त्या पायरीवर ते आता येत नाहीत, असं दशरथ सांगतो.

सभा झाली त्याच दिवशी, माझ्याकडेच राहिलेलं यंत्र विक्रेत्याला परत देण्याआधी, मी त्या नव्या केबलवर ते शेवटचं लावून बघितलं. सरळ रेघ. आधीचे सेव्ह केलेले ग्राफ माझ्याकडे आहेत, त्यात उंचवटा अजूनही तिथेच आहे. विक्रेत्याच्या इंजिनिअरने ते चार दिवस तपासले आणि म्हणाला, मॅडम, तुम्ही दुसरी केबल मोजली असणार. जी केबल तिथे नव्हतीच, तिचं दुखणं दोन वेगवेगळ्या यंत्रांना कसं दिसलं, हे त्याला सांगता येत नाही. मलाही येत नाही. मी खूप डोकं खाजवलं, आता सोडून दिलंय.

तुमच्यापैकी काही जण लिहितील, मोरेश्वरनेच भावाचं नाव साफ केलं, शांती लाभो. कृपा करून मला असलं काही गोड सांगू नका. ते कुणी दाखवलं मला ठाऊक नाही, पण जे कोणी असेल त्याच्यावरही माझा राग आहे. भर दुपारी दोन-दोन यंत्रांत शिरून त्याला सेंटिमीटरपर्यंत आकडा सांगता येतो... तर मग त्या संध्याकाळी, त्याच टॉवरवरून, चौतीस मीटर खाली एक शब्द का पोचवता आला नाही? खाली त्याचा भाऊ जागा होता.