करंजाची फांदी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, रविवारी कॅमेरे गळ्यात अडकवून माझ्याबरोबर भटकणाऱ्या दोस्तांना तर नाहीच नाही. दोनदा सांगायला गेलो आणि दोन्ही वेळा मधेच लेन्सच्या किमतीवर घसरलो. आज घसरणार नाही म्हणतोय. बघू.

मी रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढतो. म्हणजे पोटासाठी कॉम्प्युटरवर बसतो, पण कुणी विचारलं की ‘स्ट्रीट फोटोग्राफर’ असं मान तिरकी करून सांगतो. शी! ती मान आठवली तरी किळस येते. बेंगळुरूचं सकाळचं ऊन म्हणजे काय चीज आहे म्हणून मी तास तास बोललोय. दोन इमारतींमधल्या फटीतून ते तिरपं उतरतं, एखाद्या चालणाऱ्याच्या खांद्यावर पडतं, बाकी सगळा रस्ता काळा. त्या उजेडात पाऊल टाकणारा माणूस क्षणभर देव दिसतो. हे माझंच वाक्य. लोकांनी टाळ्या वाजवल्यात त्याला.

तशी एक फट आमच्या एचएसआर लेआउटमध्ये, घरापासून जवळच होती. तिथे फूटपाथची एक फरशी गायब. खाली गटार, चांगलं मांडीपर्यंत खोल. आणि त्या भोकात रोज सकाळी एक करंजाची फांदी उभी असायची, वर लाल चिंधी बांधलेली. कोपऱ्यावर फुलांची गाडी लावणारी अक्का ती फांदी लावायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशीची पानं सुकली की नवी फांदी तोडून आणायची, झालं.

अक्काकडे रोज एक आजी यायच्या. नागपूरच्या. मुलगा महादेवपुऱ्याला आयटीत, सून पण नोकरीला, आजी दिवसभर चौथ्या मजल्यावर एकट्या. त्यांना कन्नडचं अक्षर येत नव्हतं, अक्काला मराठीचं. तरी दोघी गाडीपाशी अर्धा तास हातवारे करत हसत बसायच्या. अडलं की मला हाक. मी निपाणीचा, मला दोन्ही येतं. “अहो निपाणीकर, सांगा हो हिला, हिच्या नातीचं माप घेऊन ये म्हणावं, फ्रॉक शिवते.” मी सांगायचो. अक्का लाजायची आणि गजरा वीतभर जास्त मोजायची. अख्ख्या शहरात आजींना नावानं ओळखणारी ती एकटी बाई होती — हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही मला.

आता तुम्ही म्हणाल, यात लपवण्यासारखं काय? थांबा. सांगतो.

त्या सकाळी ऊन असं पडलं होतं की बस. धुकं होतं थोडं, त्यामुळे उजेडाचा पट्टाच्या पट्टा हवेत दिसत होता. मी समोरच्या बाजूला बैठक मारली. आणि चौकटीच्या अगदी मधोमध ती फांदी. चिंधीसकट. डोळ्यात खुपायला लागली. अक्का फुलांचं गोणपाट भिजवायला नळावर गेली होती. मी रस्ता ओलांडला, फांदी उपटली, उभ्या स्कूटरच्या मागे टाकली. दोन मिनिटांचा तर प्रश्न, ऊन सरकलं की परत लावू — असं म्हणालो स्वतःशी. खरंच लावली असती का? कुणास ठाऊक. पुढचं ऐका.

आजी आल्या. पांढरी सुती साडी, डोक्यावरून पदर. ऊन थेट तोंडावर, म्हणून एक हात कपाळाशी धरलेला. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या फांदी बघून वळायच्या, हे त्यांनीच मला सांगितलं होतं, हसत. मला त्या दिसल्या. नीट दिसल्या. “आजी, थांबा!” एवढंच तर ओरडायचं होतं — मराठीत, आमच्या भाषेत. पण पदराची कड उजेडानं पेटली होती, पाऊल उचललेलं होतं, आणि माझं बोट बटणावर होतं.

मी बटण दाबलं.

आवाज फार मोठा नाही आला. गाठोडं टाकल्यासारखा. मग आजींचं “आई गं”.

धावलो मी. हो, धावलो, त्यांना वर काढणाऱ्यांत मीच पुढे होतो, लोक माझ्या पाठीवर थाप मारत होते. आणि धावता धावता पायानं ती फांदी स्कूटरखाली आणखी आत ढकलली. हे पाय करत होते, डोकं नव्हतं, असं म्हणायचा मोह होतोय. डोकंच करत होतं.

अक्का ओल्या हातांनी पळत आली. भोकाकडे बघितलं, आजींकडे बघितलं, कपाळावर हात मारून ओरडली, “इट्टिद्दे सर! बेळग्गेने इट्टिद्दे!” ठेवली होती हो, सकाळीच ठेवली होती. रडत तेच तेच सांगत होती. आजी वेदनेनं पांढऱ्या पडलेल्या, तरी माझी बाही धरून विचारलं, “काय म्हणते ती? फांदी का नव्हती आज?”

दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तिथे दोघींचं कळणारा दुसरा माणूस नव्हता. मी मराठीत म्हणालो, “विसरले म्हणते, आजी.”

आजींनी अक्काकडे बघितलं. मग मान फिरवली. अक्काला काही समजेना. तिनं मला विचारलं, अज्जी काय म्हणाल्या? मी कन्नडमध्ये सांगितलं, फार दुखतंय म्हणतात.

बस. हे आहे ते. इतकी वर्षं घशात अडकलेलं. एका श्वासात दोन भाषांत दोन थापा मारल्या मी, आणि दोन्ही भाषा माझ्या आईच्या दुधाबरोबर आलेल्या. थू!

पुढचं सगळं त्यातूनच. मुलगा आला आणि अक्काला हिंदीतून नको नको ते बोलला. खड्डा कुणाचा, फांदी कुणाची, बोलणी कुणाला! वड्याचं तेल वांग्यावर काढायला मीच तर शिकवलं होतं त्याला. त्यांच्या सोसायटीतल्या बायकांनी अक्काकडून फुलं घेणं बंद केलं. आजींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. मी बघायला गेलो, हातात संत्री घेऊन, उजळ माथ्यानं. फ्रॉक शिवून झाला होता म्हणे. “मोलकरणीच्या पोरीला देऊन टाकला,” आजी म्हणाल्या. “दुखण्याचं काही नाही हो. पण तिनं विसरावं? माझ्याच दिवशी?” तेव्हा तरी बोलायचं ना? मी संत्रं सोलून दिलं त्यांना. पुढे मुलानं त्यांना नागपूरला पोचवलं. जाताना त्या कोपऱ्यावर थांबल्या नाहीत.

आणि तो फोटो? अहो, लावला ना. आमच्या ग्रुपच्या प्रदर्शनात, मोठा करून. खालच्या कोपऱ्यात स्कूटरमागून चार हिरवी पानं डोकावत होती, ती कापली. लोक म्हणाले, काय क्षण पकडलाय! मी मान तिरकी केली.

अक्का अजून तिथेच असते. फूटपाथ अजून तसाच. मी दिसलो की विचारते, अज्जी कशा आहेत? मी म्हणतो, छान आहेत. मला ठाऊक नाही त्या आहेत की नाहीत. एकदा तिनं पानात बांधून शेवंतीचा गजरा दिला, नागपूरला कुणी जाणारं असेल तर द्या म्हणून. तो कॅमेऱ्याच्या बॅगेत सडला. आठवडाभर लेन्सच्या पुसायच्या फडक्याला त्याचा कुबट वास येत होता.

त्या दिवशी वाऱ्यानं फांदी उडाली असेल, असं तिनं मनाशी ठरवलंय. आपणच नीट खोचली नाही, म्हणून अज्जी रागावल्या. आता ती फांदी सुतळीनं भोकाच्या कडेला निघालेल्या लोखंडी गजाला बांधते, गाठीवर गाठ मारून. परवा मला हाक मारली. “गट्टी इदेया, नोडी सर.” पक्की आहे का, बघा जरा. मी वाकलो. फांदी हलवून बघितली. पक्की आहे म्हणालो. तिचा चेहरा खुलला, ती गाडीकडे वळली, आणि तेवढ्यात फटीतून ऊन उतरलं, नेमकं तिच्या पाठीवर आणि त्या गाठींवर.

मी कॅमेरा काढला. फोटो चांगला आलाय.