ठेकेदाराची सुपारी

बँडमास्तरांच्या घरात 'सुपारी' हा शब्द वाईट नव्हताच कधी! मास्तरांचे वडीलही ट्रम्पेट वाजवायचे. "उद्या सुपारी आहे, झोपा लवकर," म्हणायचे. सुपारी म्हणजे काम ठरलं, चूल पेटणार, बस्स.

मग ठेकेदाराने मास्तरांच्या धाकट्या भावाची सुपारी दिली. गॅरेजची जागा सोडत नव्हता म्हणून. भाड्याच्या दोघांनी भरदुपारी त्याला गॅरेजच्या दारातच संपवलं. ठेकेदार सुटला, उजळ माथ्याने फिरू लागला. मास्तरांनी मात्र तो शब्दच टाकला. "काम आलंय," एवढंच म्हणायचे.

आणि एक दिवस एक परगावचे गृहस्थ दारात. "मुलाची वरात आहे, मुलगी इथल्या ठेकेदारांची. वाजवाल ना?" बिचाऱ्यांना काय माहीत!

आतून बायको ओरडली, "त्या मेल्याच्या दारात? थुंकणार नाही मी!"

मास्तर ट्रम्पेट पुसत होते. हात थांबला. म्हणाले, "घेतो."

तिथून तडक सलूनमध्ये. ठेकेदाराचा ड्रायव्हर तोंडाला साबण लावून बसलेला. मास्तर मोठ्याने म्हणाले, "ठेकेदाराची सुपारी घेतलीय मी."

न्हाव्याचा वस्तरा हवेतच. "मास्तर, हळू!"

"का? चोरी आहे? लग्नाच्या दिवशी, त्याच्या दारात, सगळ्यांदेखत."

एक अक्षर खोटं नव्हतं! ड्रायव्हर अर्धी दाढी घेऊन पळाला.

लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या, मुलीला न्यायला वरात दारात उभी राहिली, तर ठेकेदार वरच्या खोलीत कडी लावून बसलेला. पोलिसांत जाऊन सांगणार काय? मास्तरांचं माझ्याशी वैर का, हे? म्हणजे भावाचा खून स्वतःच कबूल करायचा! नवरी खालून हाका मारतेय, "बाबा, या ना! मी निघाले!" दार उघडेना. ड्रायव्हरने चाचरत कारण सांगितलं, तसे व्याही हसून लोटपोट. "अहो, ती सुपारी मीच दिली! बँडची!"

अख्खी गल्ली खिदळली. नवरी नाही हसली. डोळे पुसले, वर न बघता गाडीत बसली.

वरचा पडदा हलला. मास्तरांनी ट्रम्पेट खिडकीकडे रोखलं आणि धाकट्याचं आवडतं गाणं वाजवलं. छाती फुटेस्तोवर.

घरी बायकोने विचारलं, "झाला जीव थंड?"

"छ्या! त्याला अजून एक मुलगा आहे लग्नाचा." मास्तरांनी ट्रम्पेट पेटीत ठेवलं. मग कितीतरी वर्षांनी घरात पूर्वीसारखं म्हणाले, "झोप आता. उद्या सुपारी आहे."