तिचा शांत स्वभाव

मला एका जागी बसवत नाही. जेवताना ताटावरून दोनदा उठतो, एसटीला उशीर झाला की थांब्यावर येरझारा घालतो, आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर देऊन मोकळा होतो. आर्णीला जमीन मोजणीच्या कार्यालयात नोकरी आहे. उन्हातान्हात शेतांच्या धुऱ्यांवरचे हद्दीचे दगड शोधत फिरायच्या कामात हा स्वभाव खपून गेला. घरी तो बायकोने खपवून घेतला. मी ओरडायचो, ती ऐकायची. मी ताट सरकवायचो, ती पुन्हा वाढायची. "बायको थंड डोक्याची भेटली म्हनून निभून राह्यलं तुयं," असं माझी आई चारचौघांत म्हणायची आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. जणू तिचा स्वभाव मीच पारखून आणला होता.

मागच्या मे महिन्यात डोकं ठणकायला लागलं म्हणून बीपी दाखवायला यवतमाळला गेलो. ती सोबत होती. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "पाय हलवू नका, बोलू नका. पाच मिनिटं गप्प बसा, मग परत बघू." ती पाच मिनिटं मला जड गेली. डॉक्टरीणबाईंना तेवढा वेळ दुसरं काही काम नव्हतं, म्हणून त्या माझ्या बायकोकडे बघत बसल्या. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं आणि ही कूलरपासून लांब खुर्ची ओढून, दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट लपेटून बसली होती.

"तुम्हाला थंडी वाजते?" त्यांनी विचारलं.

"थोडीशी."

मग केस गळतात का, आवाज पहिल्यापासून असा जड आहे का, दिवसभर झोप येते का, पाय सुजतात का. ती सावकाश सगळ्याला हो म्हणत गेली. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं तर डॉक्टरीणबाईंनी मला बोटाने गप्प केलं. नंबर माझा आणि तपासणी तिची चालली होती. मला राग आला, खोटं कशाला सांगू.

रक्तात थायरॉईड निघालं, बरीच वर्षं मुरलेलं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, आणि त्यानंतर अर्धा तास चहासुद्धा नाही.

आमच्याकडे सकाळचा चहा मी करतो. घरातलं तेवढंच काम मी करतो आणि तेही घाईने. पहिल्या दिवशी गोळी घेऊन ती म्हणाली, "अर्धा तास थांबा लागते नं." मी कप तिच्या हातात दिला. "चहा थंडा होते. एवढ्यानं काय फरक पडते?" ती प्यायली. मग रोजच प्यायली. दोन महिन्यांनी रिपोर्ट जसाच्या तसा. डोस वाढवला. पुन्हा दोन महिन्यांनी तेच.

"गोळी कशी घेता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग फरशीकडे. "बरोबर घेते," म्हणाली. मला वाचवत होती. पण माझ्या तोंडात काही राहत नाही. मीच सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. डोस पहिल्याइतका करून म्हणाल्या, "तुमच्या घाईत यांचे चार महिने गेले."

तेव्हापासून तो अर्धा तास मी अंगणात फेऱ्या मारून काढतो.

दिवाळीच्या पुढे तिच्या पायांवरची सूज उतरली. बाजारात ती माझ्या पुढे चालायला लागली. मग एक दिवस मी भाजीवरून ताट सरकवलं तर आवाज आला, "उठा अन् हातानं वाढून घ्या." मी खरंच मान वर करून बघितलं, कोण बोललं म्हणून. मी आवाज चढवला, तिने माझ्यावर चढवला. थोड्या दिवसांनी तिचा मोठा भाऊ भेटायला आला. आमचं भांडण ऐकून तो चक्क हसला. "आता दिसून राह्यली आमची बाई," म्हणाला. "लग्नाआधी अशीच होती. हिच्या भेवानं घरात कोनी मोठ्यानं बोलत नव्हतं."

हे ऐकल्यापासून मला चैन नाही. बावीस वर्षं मी ज्या शांतपणावर निवांत टेकून होतो, त्यात तिचा स्वभाव किती, आजार किती आणि माझा धाक किती, हे आता कोणालाच वेगळं काढून सांगता येणार नाही. आजार कधी सुरू झाला, तेही मला माहीत नाही, कारण मी बघतच नव्हतो. माझ्याही रक्तात काही सापडेल या आशेने मी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. बीपी सोडून सगळं नॉर्मल निघालं. म्हणजे मी मुळातच असा होतो.

आणि तरी मला जुनी बायको हवी होती. सांगायला लाज वाटते, पण हवी होती.

जानेवारीत पुन्हा यवतमाळला गेलो. ती बाहेर वजनाच्या काट्यावर होती, तेवढ्यात मी विचारून घेतलं, "मॅडम, डोस थोडा कमी करता येईल का?"

"का? धडधड होते त्यांना? झोप येत नाही?"

"नाही. बोलते जास्त."

त्यांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. "सगळं नॉर्मल आहे. हा त्यांचा स्वभाव असेल." मी मागे वळलो तर ती दारात उभी होती.

परतताना ती गाडीवर मागे बसलेली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. निम्म्या रस्त्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मला हवा होता तसाच शांतपणा होता तो, आणि तरी मी सारखा आरसा तिच्याकडे वळवत होतो. मग तिने खांद्यावर थाप मारून गाडी थांबवायला लावली. उतरून समोर आली. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस होता, बाया वेचत होत्या.

"खरं सांगा," ती म्हणाली. "मी आजारी होती तवाच बरी वाटत होती काय तुमाले?"

मी नाही म्हणालो. म्हणालो, पण लगेच नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य तोडत आलो आणि नेमका त्या एका प्रश्नाला थांबलो. तिने तेवढं बघून घेतलं आणि पुन्हा मागे बसली.