काळ्या कागदाचे डबे

आमच्या लखनौच्या घरात मिक्सर दोन होते. एक चटणीचा आणि एक कागदाचा. चटणीच्या मिक्सरमध्ये कागद एकदाच गेला, पण त्यानंतर कितीतरी दिवस खोबऱ्याच्या चटणीला मला सरकारी अर्जांचा वास येत होता. तो वास होता की माझ्या मनाचा खेळ, हा आम्हा नवराबायकोतला वाद कधीच मिटला नाही. ती असती तर आत्ताही म्हणाली असती, "अहो, माझ्याबद्दल लिहायला बसलात आणि सुरुवात मिक्सरपासून?" ती गेल्यावरचा हा दुसरा हिवाळा. मी थोडं थोडं लिहितो, एका बैठकीत एखादा परिच्छेद. सुरुवात मिक्सरपासूनच होते आहे, त्याला इलाज नाही.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. लग्नानंतरची पहिली संक्रांत साताऱ्याला झाली आणि लगेच माझी बदली लखनौला झाली. इंदिरा नगरात एका घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला. खाली घरमालक राहायचे. नावाला घर त्यांचं, पण राज्य त्यांच्या आईचं. त्यांना सगळे अम्माजी म्हणत. मालकांच्या बायकोला आम्ही भाभीजी म्हणायचो, आणि त्यांची एक मुलगी एम.ए. करत होती. अम्माजी माझ्या बायकोला 'दुलहिन' म्हणत आणि मला 'बेटा'. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं असा माझा संशय आहे.

बायको साताऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होती. लग्नासाठी ती नोकरी तिने सोडली. लखनौत मी सकाळी ऑफिसला गेलो की संध्याकाळपर्यंत ती एकटी. हिंदी तिला समजायची, पण बोलताना निम्मी मराठीच बाहेर पडायची. मग तिने कागद करायला घेतला. मी ऑफिसातून रद्दी आणायची, ती फाडून बादलीत भिजवायची, मिक्सरमधून लगदा काढायचा आणि तो पाण्याच्या टबात सोडायचा. सुताराकडून करून घेतलेल्या लाकडी चौकटीवर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवला होता. ती चौकट टबात बुडवून आडवी वर उचलली की पाणी गळून जायचं आणि जाळीवर कागद उरायचा. तो जुन्या धोतराच्या तुकड्यावर उलटायचा, दाबायचा, वाळवायचा. दाबायला माझी पुस्तकं होती. "एवढी जाडजूड पुस्तकं घरात कशाला, हे मला आज कळलं," असं तिने जाहीर केलं, आणि कागदांवर ठेवलेल्या फळीवर माझे बांधीव खंड चढवले.

लखनौच्या चौक बाजारात चिकनकाम करणाऱ्यांचे जुने लाकडी ठसे मिळतात. कापडावर नक्षी उमटवायचे ते ठसे. तिने ते आणले आणि ओल्या कागदावर बिनशाईचेच दाबले. कागद वाळला की पांढऱ्यावर पांढरी फुलं वर आलेली दिसायची, नुसतं बोट फिरवलं तरी कळायची. त्याची ती कार्डं करायची. आणि त्याच कागदाचे डबे, चार पेढे मावतील एवढे, डिंकाशिवाय नुसत्या घड्या एकमेकींत अडकवून उभे राहणारे. घडीची रेघ विणकामाच्या सुईने मारायची, हे काम माझं. रेघ वाकडी आली की ती फक्त माझ्याकडे आणि मग पुस्तकांकडे बघायची.

सरोजिनी नगर आणि तेलीबागकडच्या हवाई दलातल्या, लष्करातल्या मराठी बायकांनी बारशा-मुंजींना तिची कार्डं नेली. पण ती म्हणायची, "ह्या आपल्याच. ह्यांनी कौतुक करायचं नाही तर कोणी?" खाली अम्माजींचं मत निराळंच होतं. "दुलहिन, छत पर यह रद्दी काहे सुखाती हो? कबाडी को दे दो."

त्या दिवाळीनंतर साताऱ्याहून शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा निरोप आला. तिची जागा पुन्हा रिकामी झाली होती. फेब्रुवारीपासून येतेस का? माझी इथली अजून दोन वर्षं तरी बाकी होती. दुसऱ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "इथे मी कोण आहे सांगा. 'ऊपरवाली.' भाजीवालासुद्धा तेच म्हणतो."

"तुला जावंसं वाटतंय?"

"मला काहीतरी असावंसं वाटतंय."

मी जा म्हणालो नाही आणि राहा म्हणालो नाही. राहा म्हणायचा मला हक्क आहे असं वाटेना, आणि जा म्हणायला जीभ रेटेना. तिने बाईंना कळवलं, संक्रांत झाली की सांगते.

आणि त्याच आठवड्यात खाली अम्माजींच्या त्या एम.ए. करणाऱ्या नातीचं लग्न ठरलं. मुहूर्त वसंत पंचमीच्या आसपासचा. तिकडे लग्नाच्या कार्डाबरोबर मिठाईचा डबा जातो. कार्ड छापखान्याचं असावं असं मालकांचं म्हणणं होतं, पण नातीने, ती माझ्या बायकोला भाभी म्हणायची, हट्ट धरला, "मुझे भाभी वाले कार्ड चाहिए. और डिब्बे भी." अम्माजींनी बराच वेळ सुपारी कातरली आणि मग होकार दिला.

बायको जिना धावत चढून वर आली. "अहो, परकं काम! पहिलं!" मग दम खाऊन म्हणाली, "हे जमलं तर मी बाईंना नाही म्हणणार. नाही जमलं तर फेब्रुवारीत माझं तिकीट काढा." मी बरं म्हटलं आणि सुई शोधायला लागलो.

दुसऱ्या दिवशी ती नमुना दाखवायचं विचारायला खाली गेली, तर अम्माजींनी दोन्ही हात वर केले. खरमास, म्हणजे शुभकार्याला वर्ज्य महिना, लागत होता. त्या महिन्यात लग्नाची कुठलीच वस्तू त्या घरात आणायची नाही, बघायचीसुद्धा नाही. "ऊपर बनाओ, जो बनाना है बनाओ. हमें खिचडी के दिन दिखाना." खिचडी म्हणजे त्यांची संक्रांत. म्हणजे महिनाभर काम करायचं, आणि ज्यांचं काम त्यांनी ते पाहायचं नाही. बायकोला हे फारच आवडलं. "विश्वास आहे त्यांचा," ती म्हणाली.

कार्डं तिने हळदीच्या रंगाची केली. डब्यांसाठी मात्र ती दोन दिवस विचार करत बसली, आणि तिसऱ्या दिवशी लगद्यात काळा रंग ओतला. काळेभोर डबे, त्यावर पांढऱ्या खडीचे बारीक ठिपके, वर एक रुपेरी दोरा. पहिला डबा तयार झाला तेव्हा तो तळहातावर धरून ती म्हणाली, "आठवतंय?" मला आठवत होतं. साताऱ्याची संक्रांत, काळी चंद्रकळा आणि तिच्या अंगभर हलव्याचे पांढरे दागिने. नवी नवरी म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे तो काळा रंग यायचा. माझ्याही. दोघांपैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. सगळे डबे आम्ही काळे केले आणि महिनाभर खोलीत रचून ठेवले. अंधार पडला की दिसायचेच नाहीत, मी दोनदा अडखळलो.

संक्रांतीच्या सकाळी ती तीच चंद्रकळा नेसली. परातीत कार्डं, डबे, वर रुमाल, असं घेऊन आम्ही खाली गेलो. अम्माजी अंगणात दानासाठी तांदूळ आणि उडीद काढत बसल्या होत्या. बायकोकडे बघून त्यांचा हात थांबला. साडीला त्या धोतीच म्हणत.

"काली धोती? खिचडी के दिन? मायके में सब ठीक तो है ना?"

"सब ठीक है अम्माजी," ती हसत म्हणाली आणि आधी कार्ड पुढे केलं. अम्माजींनी ते कपाळाला लावलं, फुलांवरून बोट फिरवलं, आणि "वाह" म्हणाल्या. मग बायकोने रुमाल काढला.

भाभीजींनी तोंडावर पदर घेतला. नात आजीकडे बघायला लागली. अम्माजींनी एक डबा उचलला, फिरवून पाहिला आणि खाली ठेवला.

"दुलहिन, यह शादी का डिब्बा है कि तेरहवीं का?"

बायकोचा चेहरा उतरला, पण तिने माघार घेतली नाही. "अम्माजी, हमारे में नयी दुलहिन संक्रांत को काला ही पहनती है. काली साडी और ऊपर से हलवे के दागिने."

"हलवे के?" अम्माजी म्हणाल्या. "सूजी वाला हलवा?"

"नहीं, शक्कर का. दाना-दाना." बोटांनी दाणे दाखवून भागेना, तेव्हा मी वर जाऊन फोटो आणला. अम्माजींनी चष्मा लावून तो बराच वेळ बघितला. मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं साखरेचं. "और चींटी नहीं लगती?" त्यांनी विचारलं, आणि स्वतःच इतक्या हसल्या की भाभीजींना त्यांची पाठ चोळावी लागली.

बायकोला वाटलं, जमलं. तिने जोर करून पुढे सांगितलं, "और अम्माजी, आज आपकी खिचडी में भी तो उडद काली है."

"उडद दान की जाती है, दुलहिन. बारात में नहीं बाँटी जाती." आवाज अजिबात चढला नव्हता. "कार्ड हमें मंजूर हैं. यह डिब्बे इस घर से नहीं जाएँगे."

वर येऊन तिने चंद्रकळेची घडी घातली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवली. रडली नाही. "तिकीट काढा," म्हणाली. मी बरं म्हटलं. त्या दिवशी ऑफिसला सुट्टी होती, नाहीतर मी तिकडे पळालो असतो. मी पुस्तक उघडून बसलो आणि एकच पान धरून राहिलो.

दुपार टळल्यावर जिन्यावर काठी वाजायला लागली. अम्माजींचे गुडघे इतके दुखायचे की त्या कधी वर आल्या नव्हत्या. प्रत्येक पायरीला त्या स्वतःच्या गुडघ्यांना आणि घर बांधणाऱ्या मिस्त्रीला नावं ठेवत होत्या. दारात टेकून त्यांनी खोलीभर नजर फिरवली. टब, चौकट, पुस्तकांखालचे कागद, भिंतीशी काळ्या डब्यांचा ढीग.

"रूठ गई हो?"

"नहीं अम्माजी."

"झूठ. रूठने का टाइम नहीं है. बसंती चाहिए, एकदम सरसों जैसा. हफ्ते भर में बँटना शुरू होगा." मग काठीने ढिगाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "और एक इसमें से हमें दे दो. हमारी सुपारी रहेगी इसमें. हम कौन सी नयी दुलहिन हैं, हमें क्या अपशकुन!"

त्या गेल्यावर बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "तिकीट काढलंत का?"

"सुट्टी आहे आज."

"बरं झालं. बादली भरा."

लगदा पिवळा झाला, कागदही उतरले, पण वाळेनात. लखनौचं जानेवारीतलं धुकं ज्याने पाहिलं नाही त्याला हे सांगून कळणार नाही. दिवसचे दिवस ऊन नाही, समोरच्या घराचा दिवा तेवढा दुपारीही अंधुक दिसायचा. गच्चीवर टाकलेले कागद सकाळी आदल्या दिवसापेक्षा ओले. खिडकीच्या काचेवर चिकटवले, तिथेच राहिले. इस्त्री केली तर कडा मुरडायच्या. रजईखाली पसरून आम्ही त्यावर झोपलो, तर उठल्यावर माझ्या पाठीवर चिकनची फुलं उमटली होती आणि कागद तसाच थंड. ती हसायला लागली आणि मग तिने कॅलेंडरकडे बघितलं. हातात चारच दिवस उरले होते.

तिने खाली जाऊन सरळ सांगितलं, सूखते ही नहीं. अम्माजींनी एका वाक्यात घर हलवलं. बैठकीत कोळशाच्या दोन अंगेठ्या पेटल्या. दोऱ्या ताणल्या गेल्या. शेजारच्या बायका स्वेटर विणायच्या सोडून ओले कागद घेऊन अंगेठीभोवती बसल्या. अम्माजी कागद दोन्ही हातांनी धरून निखाऱ्यांवर लांबूनच फिरवायच्या, उलटायच्या, परत फिरवायच्या. बायकोला काळजी वाटून ती म्हणाली, "अम्माजी, जरा दूर से." अम्माजींनी वरही पाहिलं नाही. "पापड सेंकना हमें मत सिखाओ." पुढच्याच मिनिटाला त्यांच्या हातातल्या कागदाला भोक पडलं. खोलीत कोणी हसलं नाही, म्हणजे हसू दाबायला सगळ्यांना फार त्रास झाला. "यह हमने बहू का पकडा था," त्या म्हणाल्या, आणि भाभीजींनी तो आरोप निमूटपणे घेतला.

मी ऑफिसातून आलो की थेट खालच्या बैठकीत जायचो. चहा मिळायचा, मग सुई. नवऱ्या मुलीलाही बायकोने घड्या घालायला बसवलं. "अपनी शादी का डिब्बा खुद बना रही हूँ," ती कुरकुरायची. बायको उत्तर द्यायची, "तो अच्छा बनाओ ना यार, कोना बाहर निकला है." हे 'यार' तिच्या तोंडी कधी आलं, मला कळलंच नाही. दारावर भाजीवाला आला तर गल्लीतली कोणीतरी हाक मारायची, "अरे, कागजवाली भाभी को बुलाओ, मटर अच्छी है."

डबे वेळेवर गेले. काही थोडे फिकट होते, काहींना धुराचा वास होता, आणि त्यात बेसनाचे लाडू कोंबून बसवावे लागले, कारण तिने मापं पेढ्याची घेतली होती. काळे डबे तेलीबागेत एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी हळदीकुंकवाला तिळगूळ भरून दिले. तिथल्या बायकांनी ते हां हां म्हणता लुटले.

बाईंना मात्र अजून उत्तर द्यायचं होतं. लग्नाच्या आदल्या रविवारी संध्याकाळी आम्ही भूतनाथ मार्केटमधल्या एसटीडी बूथवर गेलो. ती काचेच्या खोक्यात शिरली, मी बाहेर. आतलं काही ऐकू येत नव्हतं. बाईंना काय सांगणार ते तिने मला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. काचेआड ती आधी मान खाली घालून बोलली, मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली, मग हात हलवून काहीतरी माप दाखवायला लागली, जणू साताऱ्याला ते दिसतंय.

बाहेर आल्यावर तिने शाल डोक्यावरून घेतली. आम्ही चालायला लागलो. पुढचा विजेचा खांब दिसत नव्हता.

"नाही म्हणून सांगितलं," ती म्हणाली.

थोडं अंतर गेल्यावर मी विचारलं, "बाई रागावल्या?"

"चांगल्याच रागावल्या. मग विचारलं, नातवाचं बारसं आहे, पेढ्यांचे डबे तिथून करून पाठवशील का?"

"मग?"

"म्हटलं, ऊन पडलं की कळवते."